परदेशी पासपोर्टवर सोलापुरात गृहकर्ज: कशाच्या आधी काय

सोलापुरात घर घ्यायची आपली रीत ठरलेली आहे. सुट्टीत यायचं, मामांनी किंवा भावजींनी गाडीवर मागे बसवून जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड असा फेरा मारून आणायचं, रात्री जेवताना भाव ठरायचा आणि दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा. बँकेचं नाव निघतं ते त्यानंतर. इथेच नोकरी करणाऱ्याचं या रीतीत फारसं बिघडत नाही. पण ज्याने अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलंय त्याचा इसार हमखास अडकतो, कारण त्याच्या फाईलमध्ये घराचा नंबर शेवटी लागतो. त्याआधी कायदेशीर दर्जा, नाव, खाती आणि कर्जाची मंजुरी जागेवर लागते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, ते आधी ठरवा

बँकेत पहिला प्रश्न पगाराचा नसतो, पासपोर्टचा असतो. उत्तरं चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

भारतीय पासपोर्ट, पण नोकरी परदेशात: तुम्ही अनिवासी भारतीय. घरही घेता येतं, कर्जही मिळतं.

परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते): निवासी आणि व्यापारी मालमत्तेच्या बाबतीत तुम्हाला अनिवासी भारतीयांसारखीच मुभा आहे. रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीच्या जुन्या पीआयओ कार्डाची योजना २०१५ मध्येच ओसीआयमध्ये विलीन झाली, त्यामुळे कपाटात ते कार्ड पडलं असेल तर त्यावर फाईल उघडायला जाऊ नका.

परदेशी पासपोर्ट, ओसीआय नाही आणि राहणंही परदेशात: भाड्याने पाच वर्षांपर्यंत घर घेता येतं, विकत घेता येत नाही. अपवाद जोडीदाराचा. तुम्ही ओसीआयधारक असाल आणि पत्नी किंवा पती परदेशी नागरिक असेल, तर दोघांच्या नावे एक मालमत्ता घेता येते. अट अशी की लग्न नोंदलेलं हवं आणि त्याला किमान दोन वर्षं झालेली हवीत.

परदेशी पासपोर्ट, पण कायमचं सोलापुरात परतलेले: मागच्या आर्थिक वर्षात १८२ पेक्षा जास्त दिवस भारतात काढले असतील आणि नोकरी-धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्यासाठी आला असाल, तर फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याने तुम्ही निवासी ठरता. मग कर्जही निवासी ग्राहकाच्या नियमाने मिळतं. इथे गल्लत होते ती आयकरातल्या ‘निवासी’ शब्दाशी. दोन्ही कायद्यांची व्याख्या वेगळी आहे, तेव्हा सीएने रिटर्नमध्ये काय लिहिलंय त्यावरून बँकेत स्वतःचा दर्जा सांगू नका.

परतणाऱ्यांसाठी एक हिशोबाची गोष्ट. परदेशातली नोकरी सोडून आलात की तिकडचा पगार संपतो आणि इकडच्या पगाराच्या स्लिपा अजून साठलेल्या नसतात. या मधल्या काळात कर्ज मिळणं सगळ्यात कठीण. शक्य असेल तर तिकडचा पगार चालू असतानाच मंजुरी घ्या. नाहीतर इकडे सहा महिने ते वर्षभर नोकरी होऊ द्या.

२. नाव एक करा

ही पायरी लोकांना क्षुल्लक वाटते आणि सगळ्यात जास्त आठवडे हीच खाते. सोलापुरात तर जास्तच. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, कन्नड घरांत ‘अप्पा’ कधी जोडून तर कधी सोडून, मराठी घरांत मधलं नाव आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. परदेशी पासपोर्टवर यातलं मधलं नाव बहुधा गळालेलं असतं, नाहीतर ते पहिल्या नावाला चिकटलेलं असतं.

एक कोरा कागद घ्या आणि पासपोर्ट, ओसीआय, पॅन, जुनं बँक खातं आणि जन्मदाखला यांवरची नावं अक्षर न् अक्षर एकाखाली एक लिहा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा. पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतरच्या बदलाला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद पुरते. बाकीच्या फरकाला ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालतं, पण पॅन आणि पासपोर्टमधला फरक प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. तो पुढे नोंदणीच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतो.

ओसीआय कार्डावर जुना पासपोर्ट क्रमांक असेल तर रद्द झालेला जुना पासपोर्टही सोबत ठेवा. कार्ड आणि चालू पासपोर्ट यांची साखळी त्याच्याशिवाय जुळत नाही.

३. पॅन आणि खाती

परदेशी नागरिकाला पॅनसाठी भारतीयांपेक्षा वेगळा अर्ज आहे. एजंटने घाईत नेहमीचा अर्ज भरला तर पॅनवर तुम्ही भारतीय नागरिक म्हणून नोंदले जाता. परदेशी जाण्याआधीचा जुना पॅन असेल तर नवा काढू नका, दोन पॅन बाळगल्यास दंड होऊ शकतो. जुना पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय दाखवला जाण्याचा संभव असतो. आयकराच्या पोर्टलवर आपला अनिवासी दर्जा नोंदवा, मग तो सुरू होतो.

कॉलेजात असताना काढलेलं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करावं लागतं. परदेशातून येणाऱ्या पैशासाठी एनआरई खातं काढा. स्वतःच्या वाट्याची रक्कम शक्यतो एनआरईमधून किंवा थेट परदेशातून बँकेमार्फत आणा. उद्या घर विकून पैसे परत न्यायचे झाले तर हा माग उपयोगी पडतो. परकीय चलनाच्या नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक देऊन घराचे पैसे चुकवता येत नाहीत.

आपल्या गावात सहकारी बँका आणि पतसंस्था भरपूर, आणि त्यात ओळखीचा संचालकही निघतोच. ‘आपल्या बँकेतून करून देतो’ असं कोणी म्हणालं तर आधी एकच विचारा: बँकेला अनिवासी खाती आणि कर्ज हाताळायची परवानगी आहे का? सगळ्या सहकारी बँकांना ती नसते. पतसंस्थेकडे तर या कामासाठी जाऊच नये.

४. कर्ज किती, खिशातून किती

रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा झाली. अनिवासी फाईलला बँक याहून कमी देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही, अपवाद फक्त १० लाखांच्या आतल्या घरांचा.

जुळे सोलापुरात ४५ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. ८० टक्क्यांनी कर्ज ३६ लाख. स्वतःचे ९ लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के अधिक १ टक्का अधिभार, म्हणजे २ लाख ७० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी: सोलापूर महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतचं आणि ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणाऱ्या गटात बसतं आणि कर १ टक्का, म्हणजे ४५ हजार लागतो. यातली एकही मर्यादा ओलांडली की तो थेट ५ टक्के. फ्लॅटच्या किमतीसोबत पार्किंग, क्लब असे आकडे जोडून ४५ च्या वर नेणारं कोटेशन आलं तर हे गणित समोर ठेवून बोला. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

बेरीज केली तर खिशातून साडेबारा लाखांच्या आसपास, शिवाय बँकेची प्रक्रिया फी, वकील, मूल्यांकन. खरेदी फक्त महिलांच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पतीचं नाव जोडलं की ती जाते.

हप्त्याचं बघायचं तर व्याज ८.५ टक्के धरून ३६ लाखांना २० वर्षांसाठी महिना सुमारे ३१,२४०, तर १५ वर्षांसाठी ३५,४५०. महिन्याला चार हजार दोनशे जास्त भरले तर एकूण व्याजात ११ लाखांच्या आसपास फरक पडतो. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. म्हणून मुदत लांब घ्या आणि बोनस आला की भरत जा, हाही पर्याय खुला आहे.

५. मंजुरी घ्या, घर न बघता

बऱ्याच बँका मालमत्ता ठरण्याआधी तुमच्या उत्पन्नावर तत्त्वतः मंजुरीचं पत्र देतात. ते हातात घेऊन मग गाडीवर फेरा मारायला निघा. अनिवासी फाईल सोलापूरच्या शाखेत घेतली गेली तरी छाननी बहुधा पुण्या-मुंबईत होते. म्हणून शाखेतल्या साहेबांच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका, लेखी पत्र मागा.

लागणारे कागद:

- चालू पासपोर्ट, जुना पासपोर्ट, ओसीआय कार्ड, तिकडचा व्हिसा किंवा वास्तव्याचा पुरावा
- पॅन
- परदेशातल्या पत्त्याचा पुरावा: वीजबिल किंवा भाडेकरार
- नोकरीचं पत्र किंवा करार, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा
- पगार जमा होणाऱ्या परदेशी खात्याचा सहा महिने ते वर्षभराचा उतारा
- तिकडचं कर विवरण
- एनआरई आणि एनआरओ खात्यांचे उतारे
- कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिकडच्या पतमानांकन कंपनीचा अहवाल. तुमचा सिबिल, म्हणजे भारतातल्या कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल कोरा असणार, तेव्हा हाच तुमचा दाखला
- सोलापुरातल्या संपर्क व्यक्तीची आणि सहअर्जदाराची कागदपत्रं

कागद इंग्रजीत नसतील, म्हणजे जर्मन, अरबी वगैरे असतील, तर प्रमाणित भाषांतर लावा. सहअर्जदार म्हणून निवृत्त वडिलांचं नाव सुचवलं जातं. पण सहअर्जदाराच्या वयावरून मुदत कमी धरली जाऊ शकते. वडिलांचं उत्पन्न जोडायचं नसेल तर तसं आधीच स्पष्ट करा.

मंजुरीपत्राबरोबर मुख्य तथ्य पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. व्याजासह सगळे आकार धरून वार्षिक दर त्यात एका आकड्यात दिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करा. जाहिरातीतला दर बाजूला ठेवा. कर्जाला जोडून विकला जाणारा विमा ऐच्छिक असतो, तो नको असेल तर नको म्हणा.

६. आता घर: कागद बघून

शेतजमीन, फार्महाऊस आणि बागायती मळ्याची जमीन अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक यांना विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. ‘अक्कलकोट रोडला चार गुंठे घेऊन ठेव, पुढेमागे एनए (बिगरशेती) होतंय’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तुमच्यासाठी तो बेकायदा व्यवहार आहे. भावाच्या नावावर घेऊन पैसे तुम्ही दिलेत तर बेनामीचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच.

दुसरा सापळा गुंठेवारीचा. शहराभोवतीच्या भागात मंजूर रेखांकन नसलेल्या जागा तुकडे पाडून विकल्या गेल्या. बरेच व्यवहार नुसत्या नोटरीवर झाले. तिथे बांधलेली घरं दिसायला छान असतात, करपावतीही असते. पण करपावती म्हणजे मालकी नव्हे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचा दाखला आणि नोंदणीकृत दस्त दोन्ही असल्याशिवाय बँकेचा वकील पुढे सरकत नाही. सातबारावर दहा जणांची सामाईक नावं असतील तर तो दाखला असूनही फाईल रेंगाळते.

जुन्या शहरात मालमत्ता पत्रक, हद्दवाढ भागात बऱ्याच ठिकाणी अजून सातबारा. दोन्हीत ‘भोगवटादार वर्ग २’, इनाम किंवा देवस्थान अशी नोंद दिसली की थांबा. ती जमीन विकायला शासनाची परवानगी लागते आणि त्यासाठी शासनाला द्यायचा नजराणा कोण भरणार यावर महिने जातात.

बाकी काय मागायचं: तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोनचे (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचे) उतारे, बिगरशेती आदेश, महापालिकेचा बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि वापर परवाना. नकाशात पार्किंग असलेल्या जागी दुकान निघालं तर मूल्यांकन करणारा ते लिहितो आणि कर्ज कमी होतं. होटगी रोडच्या बाजूला उंच इमारत असेल तर विमानतळाकडून उंचीचं ना-हरकत घेतलंय का ते विचारा. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख आणि दावे बघा. आठपेक्षा जास्त सदनिका आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा, असं दोन्ही असलेल्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे.

नळाला पाणी किती दिवसाआड येतं, हे बँक विचारत नाही. ते तुम्ही विचारा, आणि शेजाऱ्याला विचारा, बिल्डरला नको.

७. इसार

इसार द्यायचाच तर बँकेतून द्या, पावतीवर सही घ्या आणि एक ओळ लिहून घ्या: बँकेच्या वकिलाने मालकी हक्क नाकारला किंवा कर्ज नामंजूर झालं तर इसार पूर्ण परत. तोंडी आश्वासन पुरत नाही. महारेरा प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

‘थोडे रोखीत’ या मागणीला नाही म्हणा. कर्ज दस्तावरच्या किमतीवर मिळतं, किंमत कमी दाखवली की कर्जही कमी. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकराचा दंड आहे. आणि रोखीत दिलेला पैसा तुम्ही कुठून आणलात, याचं फेमासाठी उत्तर तुमच्याकडे नसेल.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला देताना १ टक्का कर कापून भरायची जबाबदारी तुमची. विकणारा स्वतःच परदेशात राहत असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि कपातही बरीच जास्त असते. सोलापुरातल्या किती घरांचे मालक आज ह्यूस्टनला नाहीतर दुबईला आहेत, ते बघा. म्हणून विकणाऱ्याचा दर्जा इसाराआधी विचारा.

८. मुखत्यारपत्र

तुम्ही सही करायला येऊ शकत नसाल तर आई, वडील किंवा भाऊ यांच्या नावे मुखत्यारपत्र लागेल. चूक इथे क्रमाची होते. लोक नेटवरचा मसुदा घेऊन तिकडे नोटरी करून कुरिअरने पाठवतात आणि बँक तो नाकारते. आधी बँकेकडून मसुदा मागवा. त्यात कर्ज घेणं, मालमत्ता तारण ठेवणं, मूळ दस्त बँकेत जमा करणं आणि दुय्यम निबंधकासमोर हजर राहणं हे चारही अधिकार स्पष्ट शब्दांत हवेत. त्याच एका फ्लॅटचं वर्णन हवं. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र टाळा.

सही भारतीय वकिलातीत करणं सगळ्यात निर्धोक. अमेरिका, ब्रिटन अशा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करारातल्या देशांत नोटरी आणि अपोस्टिलही चालतं. कॅनडात ही सोय जानेवारी २०२४ पासून आहे. जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलेला असल्याने तिथून वकिलातीची वाट धरा.

कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात त्यावर मुद्रांक लावून घ्या. कुरिअरचा लिफाफा फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच असते.

९. नोंदणी आणि पैसे

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनर (शासनाने ठरवलेला भाव) यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. मुखत्यार हजर असेल तर मुखत्यारपत्र अजून अमलात आहे आणि लिहून देणारा हयात आहे, असं घोषणापत्र त्याला द्यावं लागतं. कोरा मसुदा आदल्या दिवशीच भरून ठेवा. तयार घरात बँक नोंदणीच्या वेळी विकणाऱ्याच्या नावे धनादेश देते. बांधकाम चालू असेल तर स्लॅबप्रमाणे हप्ते सुटतात आणि तोवर फक्त व्याज भरलं जातं, मुद्दल हलत नाही. शक्य असेल तर पूर्ण हप्ता पहिल्यापासून चालू करायला सांगा.

दस्त जमा करून तारण झाल्यावर तीस दिवसांत त्याची सूचना नोंदवावी लागते. बँक सहसा ती करून घेते, पण पावती तुमच्याकडे ठेवा.

१०. कर्ज चालू झाल्यावर

हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, परदेशातून आलेल्या पैशातून किंवा त्या घराच्या भाड्यातून भरता येतो. सोलापुरातले जवळचे नातेवाईकही आपल्या खात्यातून भरू शकतात. खात्यात तीन हप्ते शिल्लक ठेवा. तिकडे सुट्टी आणि इकडे हप्त्याची तारीख असा मेळ वर्षातून दोनदा तरी चुकतो, आणि नव्याने उघडलेल्या सिबिल खात्यावर पहिला डाग त्याचाच पडतो.

कायमचे परत आलात की बँकेला कळवा. कर्ज निवासी खात्यात बदलतं आणि एनआरई, एनआरओ खातीही बदलावी लागतात.

घर विकून पैसे परत न्यायचे झाले तर परकीय चलनातून किंवा एनआरईतून घेतलेल्या निवासी मालमत्तांपैकी दोन घरांपर्यंत मूळ गुंतवलेली रक्कम नेता येते. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत, कर भरल्याच्या दाखल्यासह.

कर्ज फिटलं की मूळ दस्त तीस दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. दस्त कोणत्या शाखेतून घ्यायचे ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. घ्यायला मुखत्यार जाणार असेल तर ‘दस्त परत घेणे’ हे शब्द मुखत्यारपत्रात आहेत का, ते आठव्या पायरीलाच बघून घ्या.